घरच्या अंगणातील हुप्पा

ताडोबाच्या अरण्याच्या कडेस, इरई धरणाच्या जलाशयालगत वसलेल्या मोहर्ली या गावी, नोकरीच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या आमच्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबातील मुलीचे लग्न राहत्या घराच्या अंगणातच, मोजक्या माणसांच्या साक्षीने लावावे, असा विचार घरात निश्चित झाला, तेव्हा मुंबई, ठाणे आणि पुणे येथील आप्तांनी त्यास विरोध केला. तो विरोध द्वेषमूलक नाही. ज्या समाजाने शतकानुशतके आपला शब्बाथ आणि आपला कुळाचार कोकणच्या खेड्यापाड्यांतून एकट्याने सांभाळला, त्या समाजाच्या वडीलधाऱ्यांस रिवाजातील प्रत्येक बदलाची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्यांचे आक्षेप झटकून न टाकता एकेक करून तपासावेत, आणि ते जेथे खरे असतील तेथे मान्यही करावेत, हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपक्ष असा: सिनेगॉगवाचून लागलेले लग्न हे आपले लग्नच नव्हे, जेथे मिनयान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेस लागणारी दहा प्रौढ पुरुषांची गणसंख्या, जमणे दुष्कर तेथे सात आशीर्वाद कोण म्हणणार, घरच्या लग्नाचे दफ्तर राहत नाही आणि पुढे पुराव्याची वेळ आली तर मुलीची पंचाईत होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो समाज आधीच मूठभर उरला आहे त्याने आपली लग्ने लहान केली तर तो एकमेकांस भेटणार तरी कोठे?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर शास्त्र आणि इतिहास दोन्ही देतात, आणि दोन्ही एकच देतात. ज्यू विवाहास आवश्यक काय, याची मोजदाद केली तर ती फार लहान आहे: वराने दोन पात्र साक्षीदारांदेखत वधूस मोलाची वस्तू, बहुधा अंगठी, विहित शब्द उच्चारून देणे व तिने ती स्वीकारणे, वराची कर्तव्ये व वधूचा हक्क नमूद करणारा केतुबा हा करारलेख, हुप्पाचे छत्र, आणि दहा प्रौढ पुरुषांच्या उपस्थितीत सात आशीर्वाद. या यादीत इमारतीचे नाव नाही. हुप्पा म्हणजे चार खांबांवर तोललेले घर. ते जेथे उभे राहील तेथे विवाह होतो. युरोपातील अश्केनाझी ज्यूंमध्ये तर तो उघड्या आकाशाखाली उभारण्याचा प्रघात होता, आणि १९ व्या शतकात लग्ने सिनेगॉगच्या आत लावण्याची टूम निघाली तेव्हा हातम सोफेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोशे सोफेर यांच्यासारख्या कर्मठ धर्मपंडिताने तीस ख्रिस्ती चर्चचे अनुकरण म्हणून विरोध केला होता. जी गोष्ट आज आम्हांस सनातन वाटते ती अन्यत्र एके काळी नवी व आक्षेपार्ह मानली गेली, एवढे तरी यावरून ध्यानात यावे.

पण दूरच्या युरोपची साक्ष कशाला? आमच्या समाजाचे पहिले सिनेगॉग, मुंबईतील ‘शाआर हारहामीम’, हे टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथील सिनेगॉगे १९ व्या शतकातील. पुण्याचे लाल देऊळ १८६७ चे, ठाण्याचे ‘शाआर हाशामाईम’ १८७९ चे. आता प्रश्न असा की, नवगावच्या किनाऱ्यास लागलेल्या पूर्वजांपासून १७९६ पर्यंत, ज्या काळात आमचे लोक तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जात, त्या सबंध काळात आमच्या लेकीबाळींची लग्ने कोठे लागली? ती घरांच्या अंगणांत लागली. झिराड, राजपूर आणि शापूर या गावांवरून आडनावे लागलेल्या घराण्यांकडे काजीपद वंशपरंपरेने होते, आणि ते काजी गावोगाव फिरून विवाह लावीत, तंटे मिटवीत. ते काजी सिनेगॉगातून आले नाहीत, म्हणून ती लग्ने अवैध ठरली काय? तसे म्हणणारा मनुष्य आपल्याच वंशावळीवर प्रश्नचिन्ह उमटवतो. सिनेगॉग हे आमच्या समाजाचे भूषण आहे, त्याची जतन-दुरुस्ती हे आमचे कर्तव्य आहे. परंतु ते आमच्या धर्माचे मूळ नव्हे. ज्या घरात शेमा इस्राएल ही प्रार्थना टिकली तेथूनच पुढे सिनेगॉग उभे राहिले.

दुसरा आक्षेप मिनयानाचा. येथे मात्र आम्ही आक्षेपकांच्या बाजूने बोलणार आहोत, कारण घरच्या लग्नाचे काही उत्साही कैवारी असे मानतात की लहान लग्न म्हणजे सैल लग्न: दोन हार, एक छायाचित्रकार आणि आईवडिलांचे डोळे पाणावले की झाले. हे मत आम्हांस मान्य नाही. माणसे कमी करण्याचा अधिकार कुटुंबास आहे, कर्तव्ये कमी करण्याचा नाही. शिवाय केवळ घरच्या माणसांनीही भागत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. केतुबावर व अंगठी देण्याच्या क्षणी जे दोन साक्षीदार लागतात ते वधूवरांचे आणि परस्परांचे नातलग असून चालत नाही. काका, मामा, मावसभाऊ कितीही जवळचे असोत, ते येथे निरुपयोगी आहेत. म्हणजे शास्त्राने अगदी लहान लग्नाच्या दारातही परक्या माणसासाठी जागा राखून ठेवली आहे, आणि या तरतुदीत मोठे शहाणपण आहे: विवाह ही दोन कुटुंबांची खासगी मिळकत नाही, समाजाने त्यास डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

तर मोहर्लीस दहा माणसे जमतील काय? चंद्रपूर जिल्ह्यात सिनेगॉग नाही; प्रार्थना चालवणारा हजान बाहेरून आणावा लागेल; नागपूरहून मोहर्ली सुमारे दीडशे किलोमीटर. परंतु दहांत वर स्वतः मोजला जातो, दोन्ही पिते, तेरा वर्षे पूर्ण झालेले भाऊ व पुतणे मोजले जातात. उरलेल्यांस दोन साक्षीदारांसह निमंत्रण पाठवून त्यांच्या प्रवासाची व मुक्कामाची तजवीज आपण करावी. पाचशे पाहुण्यांच्या जेवणावळीस जो खर्च होतो त्याच्या अल्पांशात ही गोष्ट साधते. किंबहुना निमंत्रितांची यादी करण्याची योग्य रीत हीच आहे. आधी कामे लिहावीत आणि कामांपुढे माणसांची नावे घालावीत: हजान कोण, साक्षीदार कोण, हुप्पाचे चार खांब कोण धरणार, सात आशीर्वाद कोणी कोणी म्हणावेत, मेहेंदीची गाणी कोण गाणार, मलिदाचे, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचे, ताट कोण मांडणार. जुन्या काळी आमच्या प्रत्येक जमातीत मुकादम, चौगुला, गाबाई असे मानकरी असत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असे. त्या व्यवस्थेत नुसता बघ्या कोणी नव्हता. मंगल कार्यालयाच्या दालनात तीनचतुर्थांश माणसे केवळ बघे असतात, आणि हजानाचा स्वर ध्वनिक्षेपकातून येत असतानाही मागच्या रांगांत गप्पा चालू असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तिसरा आक्षेप दफ्तराचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएल वधूवरांच्या वंशाची चौकशी करण्याविषयी आदेश काढले, तेव्हा आमच्या माणसांना आपल्या आजी-पणजींच्या लग्नांचे पुरावे देण्याचा प्रसंग आला. मोठी चळवळ होऊन १९६४ साली त्या वादाचा निकाल आमच्या बाजूने लागला. तो अपमान भोगलेली पिढी कागदास जपते, यात तिचे काय चुकले? यास्तव घरच्या लग्नात कागद काकणभर अधिकच चोख असावा. केतुबा अनुभवी हाताने लिहिलेला असावा. तारीख, स्थळ आणि नावे यांत यत्किंचितही संदिग्धता नसावी. ज्या सिनेगॉगाशी कुटुंब संलग्न असेल त्याच्या विवाहनोंदवहीत नोंद करवून घ्यावी. आणि १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी अधिनियमानुसार वधूवर, तीन साक्षीदार व विवाह लावणारा यांच्या सह्यांचे ज्ञापन ग्रामपंचायत स्तरावरील विवाह निबंधकाकडे मुदतीत दाखल करावे. इतके केल्यावर मोहर्लीच्या लग्नाचा पुरावा मुंबईच्या लग्नाहून रतिभरही उणा राहत नाही. कारण पुरावा सह्यांनी होतो, छताने होत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत बळकट आहे. १९५० च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या घरात असलेला आमचा समाज इस्राएलला झालेल्या स्थलांतरामुळे ओसरत गेला, आणि २०११ च्या जनगणनेत देशातील सर्व ज्यू मिळून पाच हजारही भरले नाहीत. अशा समाजात लग्न हे भेटीचे ठिकाण असते; तेथेच सोयरिकी सुचतात, तेथेच थकलेल्या आत्या शेवटची भेट घेतात. या म्हणण्यास प्रत्युत्तर नाही; उपाय मात्र आहे, आणि तोही परंपरेतलाच. विवाहानंतर सात दिवस, दहा माणसे व त्यांत एखादा नवा पाहुणा असेल तेथे भोजनोत्तर तेच सात आशीर्वाद पुन्हा म्हणण्याची ज्यूंची चाल आहे. वधूवरांनी त्या आठवड्यात ठाणे, मुंबई, पुणे येथील आप्तांच्या घरी जावे. प्रत्येक घरी दहा माणसे जमावीत, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा व्हावा. पाचशे माणसांस एका सायंकाळी ओझरता नमस्कार करण्यापेक्षा सात घरी सात वेळा पंगतीस बसणे हे समाजबंधन अधिक घट्ट करणारे आहे. जी आत्या मांडवापर्यंत येऊ शकत नाही तिच्या उंबरठ्यापर्यंत मांडवच जातो.

येथवर खंडन झाले. आता मोहर्लीच का, याचे मंडन.

हे गाव १९५५ साली घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आणि १९९५ पासूनच्या व्याघ्रप्रकल्पाच्या वेशीवर आहे. येथे रात्रीचा रस्ता माणसाचा नसतो. पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बायांना वाघाच्या भयाची किंमत ठाऊक आहे. अशा ठिकाणी शेकडो गाड्या, कर्णे आणि आतषबाजी आणणे हा अरण्याचा आणि शेजाऱ्यांचा दोघांचाही अपराध होय, मग ते एखाद्या विश्रामस्थानाच्या कुंपणाआड का असेना. येथे लग्न लहानच शोभते, आणि दिवसाउजेडीच शोभते. आमच्या शास्त्रासही ते सोयीचेच, कारण ज्यू तिथी सूर्यास्तास पालटते, आणि केतुबावरील तिथी व विवाहाची तिथी एकच राहावी यासाठी विधी सूर्यास्तापूर्वी उरकणे इष्ट. वार मंगळवार धरावा. उत्पत्तीच्या कथेत तिसऱ्या दिवशी ‘चांगले’ असा निर्वाळा दोनदा आला म्हणून तो वार ज्यूंमध्ये शुभ. आणि ताडोबाच्या गाभाक्षेत्रातील सफारीही मंगळवारीच बंद असते, त्यामुळे गाव त्या दिवशी आपल्या स्वतःच्या लयीत असते. ऋतू शरदातील सुक्कोथ सण सरल्यापासून वसंतातील पेसाहच्या आधीपर्यंतचा. पेसाहनंतर विवाह टाळले जाणारे ओमेरचे दिवस येतात आणि विदर्भाचे ऊनही. पावसाळ्यात तम्मूज-आवचे तीन शोकसप्ताह येतात.

भोजनाचा प्रश्न ज्यांना अवघड वाटतो त्यांनी मांसाचा आग्रह सोडावा. शास्त्रोक्त कत्तल करणारा शोहेत येथे मिळणार नाही. तो नसता कोंबडी-बकऱ्याचे नाव काढू नये. चंद्रपूरच्या बाजारातील खवल्यांची रोहू व कटला ही मासळी कोशर आहे, मागूर-शिंगी तेवढी टाळावी. नारळाच्या दुधातील आमटी, वालाचे बिरडे, पुऱ्या, नव्या भांड्यांत शिजवलेला याच भाताच्या मुलखातील तांदूळ, आणि किद्दुशच्या आशीर्वादासाठी मनुकांचे सरबत एवढ्याने ताट भरते. मलिदाचे पोहेही याच धानाचे. शिवाय या ताटास शेजारचे सगळे बसू शकतात. आदल्या संध्याकाळच्या मेहेंदीस गावातील बायाबापड्या आल्या पाहिजेत. ज्या गावाने परक्या धर्माच्या कुटुंबास आपले म्हटले त्याचा तो हक्क आहे. दहांच्या गणतीत ती माणसे येत नाहीत, म्हणून आनंदाच्या गणतीतून त्यांना वगळण्याचा हुकूम कोणत्याही शास्त्रात नाही.

सारांश, घरचे लग्न हे मोठ्या लग्नाची गरीब नक्कल नव्हे. जेथे प्रत्येक उपस्थितास नेमलेले काम आहे, प्रत्येक सही वाचता येते, प्रत्येक आशीर्वादामागील आवाज कोणाचा हे वधूस ठाऊक आहे, तेथे विवाहाचे कर्म सर्वांत पूर्णत्वाने घडते. आप्तांना आमची विनंती एवढीच की, विरोधाची पत्रे लिहिण्यात जी कळकळ खर्च होते ती त्यांनी मोहर्लीच्या वाटखर्चास लावावी: दहांतील एक व्हावे, साक्षीदार व्हावे, हुप्पाचा एक खांब हाती धरावा. समाज टिकवण्याची चिंता ज्यांना खरोखर आहे त्यांचे स्थान त्या खांबाजवळ आहे.