ओळंबा आणि प्रमाणपत्र

बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. आज रागात लिहितोय, तेव्हा शब्द थोडे वर-खाली झाले तर सांभाळून घ्या.

लेक सातवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेतून चिठ्ठी आली. 'अभ्यासाचे विषय आणि करिअर यांची सांगड', प्रत्यक्ष कृतीची एक दिवसाची कार्यशाळा, शुल्क साडेतीनशे रुपये. मला खरंच बरं वाटलं. संध्याकाळी बाईसाहेब एक खोका घेऊन घरी आल्या. आत प्लॅस्टिकची चार चाकं, बोटाएवढी मोटर, बॅटरी आणि नंबर घातलेल्या चित्रांचा कागद. एकाला दोन जोडा, दोनाला तीन. गाडी चालली, नाही असं नाही. सोबत प्रमाणपत्र, 'भावी अभियंता'. मी विचारलं, "मोटर का फिरते गं?"

"ते नाही सांगितलं बाबा. मग फोटो काढायचे होते ना."

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण चिठ्ठी आली तेव्हा मी शाळेत फोन केला होता. म्हटलं, माझे काका चाळीस वर्षं गवंडीकाम करतात, ते येतील, पैसे घेणार नाहीत. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. "तसं नको हो, पालकांना काय वाटेल? आपल्याला करिअर दाखवायचंय ना!"

म्हणजे काका चाळीस वर्षं काय करतायत?

काका चौथी शिकले. पण पायाची आखणी करताना त्यांना बघा. दोरीवर तीन फुटांवर एक खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर एक, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच भरेपर्यंत दोरी सरकवत राहायची. पाच भरले की कोपरा काटकोनात. खोली मोठी असेल तर सहा-आठ-दहा, कारण मोठ्या मापात चूक कमी राहते. पायथागोरसचं प्रमेय मी शाळेत घोकून घोकून पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले आणि विसरलो. ते कशाला लागतं हे मला एकोणिसाव्या वर्षी काकांच्या हाताखाली कळलं. भिंत सरळ आहे का हे ओळंबा सांगतो, आणि तो पृथ्वीच्या मध्याकडेच का बोट दाखवतो हा विज्ञानाचा धडा आहे. दोन टोकांची पातळी बघायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. १९ × ९ × ९ सेंटीमीटरची वीट, सांध्याचा माल धरून २० × १० × १०, म्हणजे एका घनमीटरला ५०० विटा. करा गुणाकार. आणि सिमेंट 'वाळतं' असं म्हटलेलं काकांना अजिबात खपत नाही. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून निदान सात दिवस त्याला ओलं ठेवायचं. हे रसायनशास्त्र नाही तर काय आहे?

बरं, हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली, त्यात हस्तव्यवसाय हा वेगळा तास नव्हताच, त्यातूनच बाकीचे विषय शिकवायचे होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सांगितला. आमच्या शाळेपर्यंत पोचेतो त्याचं काय झालं? शुक्रवारी शेवटचा तास, मेणबत्त्या आणि कागदी फुलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलांनी वेल्डिंग, शेती, वायरिंग करत विज्ञान शिकायचं. माणूस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून खेड्यात गेला होता. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर स्पष्टच लिहिलंय, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली. सुतार, माळी, कुंभार! खोकेवाल्याचं नाव मला तरी त्यात सापडलं नाही.

माझ्या आतेभावाने फोनवर एक आक्षेप घेतला, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. तो म्हणाला, "आपल्या लोकांनी थापी सोडायला तीन पिढ्या घालवल्या, आणि तू परत पोरांच्या हातात देतोस?" खरं आहे. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजाजींनी शाळा अर्धा दिवस करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली होती. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हटलं, जोरदार विरोध केला आणि १९५४ मध्ये कामराजांच्या सरकारने ती गुंडाळली. योग्यच केलं. पण दादा, तिथे गवंड्याच्या पोराला गवंड्याकडेच पाठवायचं होतं. मी म्हणतोय डॉक्टरच्या पोराला पाठवा, वकिलाच्या पोरीला पाठवा. काकांना त्या वर्गात पाहुणे म्हणून खुर्ची द्या, मानधन द्या, साडेतीनशे गुणिले चाळीस मुलं होतातच की. आम्हाला शाळेत 'अभ्यास केला नाहीस तर विटा वाहशील' म्हणायचे. माझ्या बापाने विटा वाहूनच माझी फी भरली होती. ते वाक्य आजही शाळेत आहे, फक्त गोड आवाजात बोललं जातं.

असो. काकांना हे सगळं सांगितल्यावर ते फार काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "रविवारी आण पोरांना साइटवर. आखणीच आहे."

तर येत्या रविवारी सकाळी आठला. लेकीने वर्गातल्या पाच जणींना तयार केलंय, आत्याकडची दोन पोरं येतायत. अजून कुणाला पाठवायचं असेल तर कळवा. जुने कपडे, पायात बूट, डोक्यावर टोपी. ओल्या सिमेंटने कातडी सोलते, काकांची बोटं बघितलीत तर कळेल, म्हणून रबरी हातमोजे मी आणतोय. दोरीही आहे. प्रमाणपत्र मिळणार नाही.