दहा फुटांचा हिशेब

वीजीच्या छायाचित्रांवर लिहिणारे समीक्षक त्यांतील काळोखाकडे हटकून वळतात. १९३०-४० च्या दशकांतले न्यूयॉर्क, रात्रीचे खून, आगी, अपघात. आणि उजळलेल्या चेहऱ्यांमागे गडद काळी पार्श्वभूमी. हा महानगराच्या अंतःकरणातला काळोख, असे भाष्य मग ओघानेच येते. मला ते घाईचे वाटते. तो काळोख आधी गणिताचा आहे.

आर्थर फेलिग ऊर्फ वीजी (१८९९-१९६८) याची पद्धत सर्वश्रुत आहे : स्पीड ग्राफिक कॅमेरा, फ्लॅशबल्ब, एफ/१६, १/२०० सेकंद, आणि फोकस आधीच दहा फुटांवर लावलेला. फ्लॅशचा हिशेब गाइड नंबरवर चालतो. अंतर आणि छिद्राचा क्रमांक यांचा तो गुणाकार. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो आणि छिद्राचे क्षेत्रफळही त्याच्या क्रमांकाच्या वर्गाने घटते, म्हणून साधा गुणाकार पुरतो. वीजीचा गुणाकार १६० येतो. वीस फुटांना एफ/८, पाच फुटांना एफ/३२. त्याने छिद्र बदलण्यापेक्षा अंतर पाळणे पसंत केले.

आता चाळीस फुटांवरची भिंत पाहा. तिच्यावर दहा फुटांवरील चेहऱ्याच्या एक सोळांश प्रकाश पडतो, म्हणजे चार स्टॉप कमी. छापील प्रतीत ती जवळजवळ काळीच उतरणार. एवढ्या लहान छिद्रातून, एवढ्या अल्प वेळात रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेडही फिल्मवर फारसा उमटत नाही. शिवाय गाइड नंबर सामान्यतः फिक्या भिंतींची, छताची खोली गृहीत धरतो. रात्रीच्या रस्त्यावर प्रकाश परतवायला काहीच नसते. (समीक्षकांना जाणवणाऱ्या अस्तित्वगत पोकळीचा काही भाग निव्वळ छत नसल्याचा आहे!)

हे कलेला यंत्रात कोंबणे नव्हे काय? मला उलट वाटते. हिशेब कळला की निवड कुठे होती ते दिसते. सात फुटांवर एक स्टॉप जास्त, चौदा फुटांवर एक स्टॉप कमी. निगेटिव्ह दोन्ही बहुधा सोसते, आणि एफ/१६ मुळे फोकसही साधारण याच पट्ट्यात टिकतो. या पट्ट्यात शिरणे, एवढेच काम छायाचित्रकाराच्या हाती उरते. आणि ते काम पायांचे आहे, डोळ्यांचे नंतर.

‘देअर फर्स्ट मर्डर’ (१९४१) मध्ये प्रेत दिसतच नाही. दिसतात ती दाटीवाटीने पुढे झेपावणारी मुले, आणि त्यांच्यामध्ये रडणारी एक बाई, मृताची नातलग. नैतिक प्रश्न विचारायचाच, तर तो तिच्यापासून ठेवलेल्या त्या अंतराबद्दल विचारावा. वीस फुटांवर उभे राहून एफ/८ लावले असते, तरी तिच्या चेहऱ्याला फिल्मवर तेवढाच प्रकाश मिळाला असता. दहाऐवजी वीस फुटांवरून ती चौकटीत निम्म्या उंचीची झाली असती आणि तिच्यामागचा काळोखही थोडा विरळ झाला असता.