अडत हवी, उत्तरदायित्व नको

वस्तूचे छायाचित्र दाखवायचे, तिचे वर्णन करायचे, त्या वर्णनावर विसंबणाऱ्याकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि घरी दुसरीच वस्तू पाठवायची, या व्यवहाराला मराठीत फसवणूक हा सरळ शब्द आहे. इंटरनेटवरील बाजारांच्या परिभाषेत मात्र त्याला ‘वर्णनाशी विसंगती’ असे सौम्य नाव मिळाले आहे. नावातील हा फरक निरुपद्रवी नाही. फसवणुकीची दाद कायद्यापुढे मागता येते. ‘विसंगती’ची दाद कंपनीच्याच तक्रार-कक्षात, कंपनीच्याच मुदतीत आणि कंपनीच्याच मर्जीने मागायची असते.

जुन्या गिटारीचे उदाहरण घ्यावे. संग्राहकांचा अपवाद सोडला तर जुनी गिटार घेणारा माणूस नवी चांगली परवडत नाही म्हणूनच ती घेतो. ऑर्केस्ट्रात, चर्चच्या गायनवृंदात किंवा लग्नसमारंभांत वाजवून चार पैसे मिळवणाऱ्या तरुणाला ते हत्यार आहे, सुताराला रंधा असतो तसे. तो महिनोन्महिने जाहिराती न्याहाळतो, कारण जुन्या वाद्यांत एकासारखे दुसरे नसते. साबणाच्या एका वडीऐवजी तशीच दुसरी दिली तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु एकाच कारखान्यातून एकाच साली बाहेर पडलेल्या एकाच नमुन्याच्या दोन गिटारींपैकी एकीची मान वीस वर्षांनी तारांच्या ताणाने वाकलेली असते, दुसरीची सरळ असते. एकीचे धातूचे पडदे बोटांखाली झिजलेले असतात, दुसरीचे शाबूत असतात. वरची फळी एकसंध लाकडाची आहे की थर चिकटवून केलेल्या प्लायवूडची, यावर आवाजाचा पुष्कळसा भाग अवलंबून असतो, आणि छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून असा ग्राहक ‘अमुक नमुन्याची एक गिटार’ मागवीत नाही. तो ती गिटार मागवतो.

आणि खोक्यातून दुसरीच निघते. मग विक्रेत्याचा युक्तिवाद ठरलेला असतो: नमुना तोच आहे, रंग तेवढा वेगळा, किंवा रंग तोच आहे, साल तेवढे वेगळे. पुढची पायरी अधिक चलाख असते. ‘हजार रुपये परत करतो, ठेवून घ्या.’ म्हणजे ग्राहकाने कधीही न निवडलेली वस्तू त्याच्या गळ्यात मारायची आणि वर सवलत दिल्याचा मोठेपणाही मिरवायचा! त्याने नकार दिला तर सिद्ध करण्याचे सारे ओझे त्याच्यावर येते. खोके उघडतानाचे चित्रीकरण केले होते का? तक्रार ठरलेल्या दिवसांत केली का? मग तारा सैल करून, मानेखाली आधार देऊन, एवढे मोठे खोके पुन्हा बांधायचे. वाटेत तडा गेला तर दोष बांधणाऱ्याचा. तोवर त्याच्या हाती पैसेही नाहीत आणि गिटारही नाही. या साऱ्या प्रकरणात त्याच्या संतापाला एकच माणूस प्रत्यक्ष सापडतो, तो म्हणजे पार्सल पोचविणारा कामगार. आत काय आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते, आणि खोके उघडण्याची त्याला मुभाही नसते.

‘ग्राहकाने सावध राहावे’ हा जुना व्यापारी दंडक या ठिकाणी हटकून ऐकवला जातो. तो कोठे शोभतो? पुण्याच्या जुन्या बाजारात शोभतो. तेथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, उलटीपालटी करते, घासाघीस करते आणि मगच खिशात हात घालते. बैलबाजारात तर दात पाहिल्याशिवाय आणि चालवून बघितल्याशिवाय सौदा होत नाही. जेथे डोळे आणि हात वापरण्याची सोय आहे तेथे सावधपणाची अपेक्षा रास्त होय. जेथे ती सोय मुळातच काढून घेतली आहे तेथे हा दंडक ऐकवणे म्हणजे माणसाचे डोळे बांधून त्याला ठेच लागल्याबद्दल दोष देणे आहे.

हे काही समाजवाद्यांनी काढलेले नवे तत्त्व नव्हे. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या इंग्लंडच्या न्यायालयांनीच ते मान्य केले आहे. १९०० सालच्या व्हार्ली विरुद्ध व्हिप या खटल्यातील वस्तू जुनीच होती, कापणीचे यंत्र. विकणाऱ्याने सांगितले होते की, ते आदल्याच वर्षी नवे होते आणि त्याने फार तर पन्नास-साठ एकरांची कापणी केली आहे. घेणाऱ्याने ते पाहिलेले नव्हते. आले ते भलतेच जुने यंत्र. न्यायालयाने निर्णय दिला की, न पाहिलेली वस्तू वर्णनावरून विकली असेल तर ती वर्णनाबरहुकूमच असली पाहिजे. हेच तत्त्व भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या पंधराव्या कलमात आहे, आणि ते कलम माल नवा की जुना, विक्रेता व्यापारी की खाजगी गृहस्थ, असा भेद करीत नाही.

याहून बोलका खटला १९६७ चा, बील विरुद्ध टेलर. जाहिरात होती १९६१ सालच्या पांढऱ्या ट्रायम्फ हेराल्ड मोटारीची. निघाल्या दोन मोटारी: मागचा अर्धा भाग १९६१ चा, पुढचा त्याहून जुन्या गाडीचा, मध्ये जोडकाम. विकणाऱ्याला स्वतःलाही हे ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्याने तर गाडी डोळ्यांनी पाहिली होती. तरीही विक्रेता जबाबदार ठरला. गिटारीच्या बाबतीत ही जोडाजोड कितीतरी सोपी आहे. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास ज्या विजेच्या गिटारी बाजारात आणल्या त्यांची मान धडाला स्क्रूने बसवलेली असते. चार स्क्रू काढले की एकीची मान दुसरीच्या धडाला लागते. क्रमांक कधी मानेवर असतो, कधी मागच्या पत्र्यावर. पत्राही बदलता येतो. छायाचित्रातील क्रमांक बरोबर असून गिटार अर्धी भलतीच असू शकते.

मग कायदा स्पष्ट असताना घोडे अडते कोठे? ते अडते दाराशी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नव्याने झाला, त्याखाली २०२० मध्ये ई-वाणिज्याचे नियम आले. जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येणार नाही, असे त्या नियमांत आहे. चांगलेच आहे. परंतु त्याच नियमांच्या आरंभी एक अपवाद बसला आहे: नियमित वा पद्धतशीर धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिक नात्याने व्यवहार करणाऱ्या व्यक्तीला ते लागू नाहीत. जुन्या वस्तूंच्या बाजारात असे म्हणवून घेणारे विक्रेतेच पुष्कळ! दर आठवड्याला चार गिटारी विकणाराही ‘घरातली आहे, विकून टाकतोय’ असेच लिहितो. परिणामी नव्या साबणाचे गिऱ्हाईक संरक्षित आणि जुन्या वाद्याचे गिऱ्हाईक नियमाबाहेर. दहा-बारा हजारांच्या वस्तूसाठी परगावच्या माणसावर दिवाणी दावा लावून कोण बसणार? जुन्या वस्तू कोण घेतो, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

आणि मधली कंपनी? ती दोन जिभांनी बोलते. गिऱ्हाइकाला ती ‘आमच्याकडून निर्धास्त घ्या’ म्हणते. वाद निघाला की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाकडे बोट दाखवून ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणते. सरकारपुढेही तिला मध्यस्थच राहायचे असते. कारण मार्च २०१६ च्या धोरणाने शंभर टक्के परकीय भांडवलाला परवानगी दिली ती केवळ ‘बाजारपेठ’ चालविणाऱ्यांना, स्वतःचा माल विकणाऱ्यांना नव्हे. विक्रेता नसण्यातच तिचे भांडवल गुंतलेले आहे. कमिशन मात्र ती प्रत्येक सौद्यावर कापून घेते.

आपल्या बाजार समित्यांतील अडत्यांविषयी फारसे कोणाचे चांगले मत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि १९६३ च्या कायद्याखाली त्या अडत्याला परवाना घ्यावा लागतो, माल मापाड्याच्या काट्यावर चढतो, आणि परवाना काढून घेण्याचा अधिकार समितीकडे असतो. ज्याच्या नावाने शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या बोटे मोडली तो अडत्या जेवढा बांधलेला आहे, तेवढीही ही नवी अडत बांधलेली नाही.

यावर सांगितले जाईल की, लाखो सौद्यांत प्रत्येक वस्तू कोण तपासणार? अमेरिकेतील इबे कंपनीने २०२० पासून निवडक महागड्या मनगटी घड्याळांसाठी तज्ज्ञांकडून तपासणी सुरू केली. आपल्याकडेही काही कंपन्या महाग मोबाइलचे खोके दारात उघडून दाखवतात. तेव्हा हे अशक्य नाही. कोणाच्या मालासाठी करायचे एवढाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप खरा आहे: गिऱ्हाईकही कधीकधी चांगली गिटार ठेवून घेऊन भंगार परत पाठवते. परंतु हा आक्षेपच मधल्या माणसाची जबाबदारी वाढवतो. वस्तू निघताना आणि परतताना तिची नोंद होत असेल तर प्रामाणिक विक्रेताही वाचेल.

चळवळीतल्या काही ज्येष्ठांना गिटार म्हणजे चैन वाटेल. १९७२ मध्ये मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या त्या महागाईविरुद्ध, भरल्या पोटाच्या छंदासाठी नव्हे, असे ते म्हणतील. परंतु जी वाट गिटारीची आहे तीच जुन्या शिलाई यंत्राची, जुन्या मोबाइलची, फ्रीजची आणि पिठाच्या घरगुती चक्कीची आहे. लाटणे हाती घेणाऱ्या बाईची नात आज जुने शिलाई यंत्र याच मार्गाने मागवते.

२०२० च्या नियमांतील तो अपवाद विक्रेत्यापुरता राहो. जी कंपनी कमिशन घेते तिला तो मिळता कामा नये. विक्रीला ठेवलेल्या त्याच वस्तूचे छायाचित्र आणि क्रमांक जाहिरातीत सक्तीचे व्हावेत, वस्तू पाहून होईपर्यंत पैसे विक्रेत्याच्या हाती पडू नयेत, आणि भलती वस्तू परत नेण्याचे भाडे कंपनीने सोसावे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्याच जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्कही ठेवलेले नाही. तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अशा तक्रारी गोळा करून, कंपनीलाच प्रतिवादी करून, जिल्हा आयोगापुढे एकगठ्ठा दाखल करण्यास सुरुवात करावी.