दुखतंय म्हणजे दुखतंय : जाहीरनामा

बाईचं दुखणं दवाखान्यात पोचलं की दोनपैकी एक होतं. एक तर ते कुणी मनावर घेत नाही, नाहीतर अवयवासकट कापून टाकतात. नीट ऐकून घेणं तेवढं राहून जातं. ते करून घेण्यासाठी आम्ही एकत्र येत आहोत : ऊसतोडीला जाणाऱ्या, आशाताई, सिस्टर, थोड्या डॉक्टरही.

बीडचंच बघा. 2019 साली राज्य सरकारच्या समितीनं जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहातली एक! कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. तक्रारी काय, तर अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, पाळीत रक्त जास्त जातं. यातली बरीच दुखणी औषधांनी आटोक्यात येतात. पण फडात खाडा झाला की मुकादम दंड कापतो, उचल फिटायची असते, आणि डॉक्टर म्हणतो, ‘पुढं कॅन्सर होईल, काढून टाका.’ टाके सुकतात न सुकतात तोच डोक्यावर पुन्हा मोळी. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली असतील, तर ऐन तारुण्यात अंगाची आग आणि हाडांची झीज मागं लागते. त्या दुखण्याला मग उत्तर मिळतं, ‘आता काय राहिलंय दुखायला?’

शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकांनी सुटकेचा निःश्वास सोडू नये. छातीऐवजी जबडा, पाठ दुखतेय, मळमळतंय म्हणणारी बाई, हृदयविकाराची शंका कुणाला न येता, ईसीजी न काढता ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी जाते. तांबी बसवताना कळ आली तर ‘एवढ्याशानं काय होतंय’. आणि बाळंतपणाच्या खोलीत काय ऐकवतात, ते इथं छापण्यासारखं नाही.

औषधशास्त्रही पुरुषाच्या मापानं बेतलेलं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत वीसेक वर्षं विकली गेल्यावर, 2013 मध्ये, बायकांसाठी तिचा डोस निम्मा करावा लागला. त्यांच्या शरीरातून ती उशिरा बाहेर पडत होती. 2015 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात आढळलं, की दुखणं टिकवून ठेवणाऱ्या पेशी नरात एक आणि मादीत वेगळ्याच. तोवर बहुतेक प्रयोगशाळा नरांवरच भागवत होत्या. म्हणजे फरक आहे, पण त्याचा अर्थ बायका नाजूक असा नाही, त्यांना सोसायची सवय असते असाही नाही. (ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून ऐकायला मिळतात, ही गंमत.)

म्हणून दवाखान्यांकडे आमचं मागणं एवढंच : केसपेपरवर बाईची तक्रार तिच्याच शब्दांत लिहा. दुखणं शून्य ते दहात किती, हे तिला विचारा. नवऱ्याला, सासूला नको. तांबी असो की टाका, भूल आणि वेदनाशामकाबद्दल आधी बोला. तातडीची वेळ नसेल, तर पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, आणि अंडाशयं ठेवणार की काढणार, हे तिला समजेल असं सांगा.

आम्ही काय करणार? दवाखान्यात जाणाऱ्या बाईबरोबर आमच्यातली एक जण जाईल. बाहेर आल्यावर दोघी मिळून केसपेपर वाचतील, आणि तिनं सांगितलेलं त्यात नसेल तर तो घेऊन परत आत जातील.