लेदरची घट भावात धरा



गेल्या आठवड्यात नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याचा फोन आला. आपल्या चॅनेलचा जुना प्रेक्षक आहे. सुरतेला जाऊन एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघून आला होता. दोन दरवाजांची, बुटकी, लाल. मागणी १८ लाख. सगळं पसंत, फक्त डॅशबोर्डवरचं लेदर पुढच्या काचेजवळ आखडून वर उचललं गेलं होतं. विकणारा म्हणाला, "एवढं काय त्यात, नुसतं चामडं आहे. गाडी जेमतेम पंचवीस हजार चाललीय." भाऊचा मला प्रश्न : सर, घेऊ का सोडू?

मी म्हटलं, भाऊ, प्रश्नच चुकलाय. "केवढ्याला घेऊ" असं विचारा.

आता काही जण हसतील की नंदुरबारात स्पोर्ट्स कार कशाला. मी हसणार नाही. दहा-बारा वर्षं पथारीवर उन्हात उभं राहून ज्यानं धंदा उभा केला, त्यानं हौस केली तर बिघडलं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की धंद्यात जी अक्कल रोज वापरता, ती गाडी घेताना घरी ठेवून जाऊ नका.

तुम्ही ओली मिरची घेता तेव्हा काय करता? ती वाळणार, वजनात घटणार, हे माहीत असतं. म्हणून तुम्ही मिरची नाकारत नाही आणि वाळलेल्या मिरचीचा भावही देत नाही. घट धरून भाव बोलता. आखडलेल्या लेदरचं गणित अगदी हेच आहे.

लेदर आखडतं का?

चामड्यात थोडा ओलावा असतो आणि कमावताना त्यात तेल मुरवलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन लागलं की दोन्ही कमी होतं. चामडं कडक होतं आणि आकसतं. खालचं प्लास्टिक मात्र आहे तेवढंच राहतं. त्यात उष्णतेनं गोंद सैल पडतो. मग चामडं मधल्या बाजूला ओढलं जातं आणि कडा सुटतात. पहिल्यांदा सुटते ती काचेजवळची कड, मग एसीच्या जाळ्यांभोवतीची, मग मीटरच्या वरची.

डॅशबोर्ड किती तापतो? अमेरिकेत ॲरिझोनामध्ये संशोधकांनी उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून मोजलं, तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत गेला, सीट ५१ अंशांपर्यंत. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ अंशांवर राहिला. आपल्याकडेही मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हे आकडे आपल्याला परके नाहीत. स्पोर्ट्स कारची पुढची काच तर जास्त आडवी असते, म्हणून डॅशबोर्डवर ऊनही जास्त पडतं.

सगळा दोष मालकाचाच असतो असंही नाही. फेरारी ५५० मॅरानेलोसारखी गाडी या दुखण्यासाठी जगभर ओळखली जाते. म्हणून लेदर आखडलं म्हणजे गाडी खराब, असा निकाल लगेच देऊ नका. पण ते बघून प्रश्न नक्की विचारा : गाडी उभी कुठे असायची?

माझ्या मते इथेच गिऱ्हाईक फसतं. "कमी चाललेली" हे ऐकून आपण खूश होतो. पण कमी चाललेली गाडी म्हणजे जास्त वेळ उभी राहिलेली गाडी. ती शेडमध्ये उभी होती की उघड्यावर, हे मीटर सांगत नाही, डॅशबोर्ड सांगतो. उघड्यावर राहिली असेल तर दरवाजांची रबरं, हेडलाइटच्या काचा, टायरच्या बाजू यांनीही तेच ऊन खाल्लेलं असतं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा कितीही सजवून आणला तरी जाणकार आधी त्याचे दात बघतो. गाडीत डॅशबोर्ड तसाच बघा.

बघायचं कसं?

१. डॅशबोर्डवर मॅट किंवा कव्हर टाकलेलं असेल तर आधी ते उचला. "राहू द्या ना साहेब" म्हणाले तर नक्कीच उचला.

२. काचेजवळच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवा. कोपऱ्यात बोटाचं टोक आत जातंय का बघा.

३. शिलाईची रेघ सरळ आहे का? वाकडी झाली असेल तर चामडं ओढलं गेलंय.

४. हलकं दाबा. खाली पोकळ लागलं तर गोंद सुटलाय. चामडं मऊ आहे की पापडासारखं कडक, हेही तेव्हाच कळतं.

५. खरं लेदर आहे की रेक्झिन, ते विचारा. रेक्झिनही उन्हानं आकसतं. त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं उडून जातात आणि काचेवर आतून चिकट धुरकट थर बसतो. काचेवरून आतून बोट फिरवून बघा.

६. पॅसेंजर बाजूला एअरबॅगच्या जागी नीट बघा. तिथे चामडं सुटलंय का, आधी कुणी चिकटवलंय का?

हा सहावा मुद्दा पैशाचा नाही, जीवाचा आहे. एअरबॅग बाहेर येताना वरचं आवरण ठरलेल्या रेषेवर फाटावं लागतं. त्यासाठी तिथलं चामडं आतून मुद्दाम कमजोर केलेलं असतं किंवा शिलाई वेगळी असते. एखाद्यानं तिथे जाड चामडं साध्या मजबूत दोऱ्यानं शिवलं तर एअरबॅग नीट उघडणार नाही. म्हणून कारागिराला आधी विचारा : एअरबॅगवर काम कसं करणार? "काही होत नाही, करून टाकू" असं उत्तर आलं तर नमस्कार करा आणि निघा.

दुरुस्तीचं काय?

चामडं अजून मऊ असेल, थोडीच कड सुटली असेल, तर चांगला कारागीर ते सैल करून, ताणून, उष्णता सोसणाऱ्या गोंदानं परत बसवू शकतो. कडक होऊन चिरलं असेल तर नवीनच चढवावं लागतं. त्यासाठी डॅशबोर्ड बाहेर काढायचा म्हणजे वायरिंग, एसीच्या जाळ्या, एअरबॅग सगळं उघडायचं. चामड्याचा खर्च परवडतो, मजुरी जड जाते.

खोबरेल तेल चोळू नका. आखडलेलं चामडं त्यानं परत लांब होत नाही, उलट पुढे गोंद धरत नाही. चकाकीच्या स्प्रेचंही तेच. आणि हीट गनचा प्रयोग घरी करू नका, आहे तेही आकसेल.

आता हिशेब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा मागणी १८ लाख. कारागिराचं लेखी कोटेशन १ लाख २० हजार. गाडी नेण्या-आणण्याचे १५ हजार. उघडताना तुटणाऱ्या क्लिपा आणि न दिसलेल्या कामासाठी २५ हजार. एकूण १ लाख ६० हजार. म्हणजे तुमची बोली १६ लाख ४० हजारांपासून सुरू होते, "बघा काहीतरी कमी करा" इथून नाही. गाडी गुजरात पासिंगची असेल तर एनओसी आणि आपल्याकडचा रोड टॅक्स हा वेगळा खर्च आहे. तो वेगळाच मांडा, दोन्ही एकत्र करून गोंधळ घालू नका.

आणि क्रम लक्षात ठेवा : आधी कोटेशन, मग बोली, मग टोकन. टोकन दिल्यावर घट धरायला गेलात तर समोरचा ऐकणार नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मीही एक जुनी गाडी घेतली होती. डॅशबोर्डवर छान मॅट होती. मी उचलली नाही. घरी आल्यावर उचलली तर खाली चामडं चिरलेलं, अर्धं सुटलेलं. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. दुरुस्तीचा खर्च मी क्लासच्या खात्यातून केला आणि त्या महिन्यात माझ्याकडच्या दोन मुलांचा पगार अठरा दिवस उशिरा झाला. त्यातल्या एकाचं घरभाडं थकलं. तो मला काही बोलला नाही, पण मला ते अजून लागतं. हौस माझी होती, घट त्यानं सोसली.

म्हणून माझं मत ठाम आहे. दिसणाऱ्या दोषाला घाबरून पळू नका आणि प्रेमात पडून त्याच्याकडे डोळेझाकही करू नका. त्याला किंमत लावा. ती किंमत समोरच्यानं मान्य केली तर गाडी तुमची. नाही केली तर ती घट तुमच्या खेळत्या भांडवलातून जाणार, म्हणजे शेतकऱ्याच्या, हमालाच्या, कामगाराच्या पैशातून.

त्या व्यापारी भावानं सुरतेतूनच कोटेशन घेतलं आणि बोली लावली. विकणारा पन्नास हजारांच्या खाली उतरायला तयार झाला नाही. भाऊ परत आला. परवा बोलताना म्हणाला, "सर, गाडीचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे, डिलीट होत नाही." मी म्हटलं, राहू द्या. सीझन होऊ द्या, पैसे मोकळे झाले की परत बघू. तोवर दुसरी एखादी दिसली तर मॅट उचलायला विसरू नका.

तुम्ही जुनी गाडी घेताना कोणती घट धरायला विसरलात? कमेंटमध्ये लिहा. दुसऱ्याचे पैसे वाचतील.