जाणत्या हातांना शिकवायलाही शिकवा



दोन हंगामांपूर्वी आपल्या फोंडाघाट गटात घडलेली गोष्ट आधी सांगतो. चूक आमच्या शेती खात्याची होती, तेव्हा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नव्यानं लागलेल्या चिटबॉयनं नोंदीच्या वेळी फुले २६५ च्या एका प्लॉटपुढं को ८६०३२ असं टाकलं. नोंद मोबाईलवर झाली, यादीत चढली, तोडीचा क्रम त्याप्रमाणं लागला आणि ऊस कोवळा असतानाच तुटून घाट चढला. २६५ वजनाला देखणा, पण पिकायला सावकाश, हे तुम्हांला मी काय सांगावं? आणखी दोन महिने तो रानात उभा राहायला हवा होता. शेतकऱ्याचं वजन गेलं, कारखान्याची साखर गेली. त्या सभासदानं गट ऑफिसात येऊन मला जे सुनावलं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. दुसरं करणार काय?

पोरगा हुशार आहे. पण त्याला शिकवलं कोणी? चार दिवस एका जुन्या चिटबॉयच्या मोटरसायकलवर मागं बसवून फिरवला, झालं शिक्षण. जुना माणूस तीस वर्षांचा जाणता. बांधावरनं कांडीचा रंग, डोळ्याचा आकार, देठावरची कूस बघून जात सांगणार. पोरानं विचारलं, "काका, ह्या वळखूचा कसा?" उत्तर मिळालं, "बगून बगून कळता रे झिला, सांगान काय कळना नाय."

माझं म्हणणं एवढंच आहे, की सांगून कळतं. मात्र सांगायचं कसं हे आधी शिकावं लागतं. काम येणं वेगळं आणि ते दुसऱ्याच्या हाती उतरवणं वेगळं. आपण मात्र समजून चाललो आहोत, की जो जुना तो आपोआप मास्तर.

कारखान्याच्या आतही तेच. पॅनवर दाणा कधी धरला, पाक कधी सोडायचा, हे कसलेला पॅनमन काचेवर थेंब घेऊन, बोटाला तार बघून ओळखतो. तो निवृत्त झाला की सत्काराचा नारळ-फेटा होतो, आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जातं. मागं राहिलेला पोरगा पुढचे दोन हंगाम आपल्या साखरेवर हात बसवतो. त्याचा खर्च कुठल्याच खात्यावर पडत नाही, म्हणून वार्षिक सभेत कोणी विचारत नाही.

हिशेब मांडून बघा. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्र सरकारनं १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी धरली आहे. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. पन्नास टन घालणाऱ्या सभासदाचे १,७३० रुपये झाले. एका प्लॉटच्या चुकीनं उतारा हलत नाही, कबूल. पण अशा नोंदी गटागटांत साचल्या, आणि वर पॅनवर नवखा हात असला, की हलतो.

जर्मनीत या गोष्टीचा कायदाच केला आहे. १९६९ साली तिथं व्यवसाय शिक्षणाचा कायदा आला आणि १९७२ मध्ये नियम झाला, की कारखान्यात उमेदवारांना शिकवणाऱ्यानं कामात तरबेज असून भागणार नाही, शिकवण्याची परीक्षाही दिली पाहिजे. २००३ मध्ये कटकट नको म्हणून ही अट तहकूब केली. सहा वर्षांनी, २००९ मध्ये, पुन्हा लावावी लागली. आपल्याकडं १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आहे, उमेदवार किती घ्यायचे याची टक्केवारी पाळली जाते, रजिस्टरही नीट असतं. पण पोराच्या शेजारी उभं राहून जो फिटर त्याला पाना धरायला लावतो, त्याला शिकवायचं कसं हे कोणी सांगितलेलं असतं का? सरकारनं जुन्या कारागिरांच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत केली, ते चांगलंच. पण तो दाखला काम येत असल्याचा आहे, शिकवता येत असल्याचा नाही.

मग करावं काय? पावसाळ्यात गाळप बंद असतं. त्या दिवसांत शेती खात्यातले चार-पाच आणि आतले दोन-तीन जाणते कामगार निवडावेत. १९७५ साली साखर कारखानदारीनंच उभी केलेली मांजरीची संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, शेतकऱ्यांसाठी 'ज्ञानयाग' भरवते. आपले कितीतरी सभासद जाऊन आले. तसंच आपल्या या माणसांना तिथल्या तज्ज्ञांपुढं बसवावं. आपण जे नजरेनं करतो त्याचे टप्पे पाडायचे, एकेक दाखवायचा, मग पोराकडून करून घ्यायचा, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा, आणि महिन्याभरानं न सांगता जाऊन तपासायचा. ब्रिक्स बघायचा तर हँड रिफ्रॅक्टोमीटर पोराच्या हातात द्यायचा, स्वतःच्या नाही. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स जवळ आला की ऊस पिकला, हे त्यानं आपल्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

जुन्या मंडळींची एक भीती आहे, ती मला खोटी वाटत नाही. "सगळं शिकवून टाकलं तर उद्या मला विचारणार कोण?" असं एकानं मला तोंडावर विचारलं. म्हणून नुसता शाल-श्रीफळ नको. पगारात शिकवणीचा भत्ता हवा, आणि निवृत्तीनंतर दोन हंगाम मानधनावर बोलावण्याची लेखी हमी. काही सभासद म्हणतील, हा नवा खर्च कशाला, आता नोंदी मोबाईलवर होतात. मोबाईल प्लॉटची जागा सांगतो हो, पण जात कोणती हे पोरगं टाकेल तेच तो धरणार. रात्री गवे येऊन निम्मा प्लॉट तुडवून गेले, हेही त्याला कळत नाही.

संचालक मंडळापुढं हा विषय मी लेखी दिला आहे. तुमच्या गटातला कुठला कर्मचारी नीट समजावून सांगतो, हे ऑफिसपेक्षा तुम्हांला जास्त ठाऊक. त्याचं नाव बॉयलर पेटण्याआधी फोंडाघाट गट ऑफिसात कळवा. आणि यंदा चिटबॉय नोंदीला आला की त्यानं जात कोणती टाकली ते स्क्रीनवर वाचून मगच सही करा.

ऊस विकास अधिकारी