ऊन स्वस्त झाले, वीज नाही

१९९६ सालच्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या वाचनालयात मी एक व्याख्यान दिले होते. विषय होता ‘उद्याची ऊर्जा’. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी कुणीतरी असे उभे करीतच असे. भारनियमनाचे दिवस होते. व्याख्यान सुरू होताच दिवे गेले आणि उरलेले सारे मी कंदिलाच्या उजेडात बोललो. त्या अंधारामुळे मला जरा जास्तच चेव चढला असावा. मी ठासून सांगितले, “ज्या दिवशी उन्हाची वीज तारेतल्या विजेच्या भावाने मिळू लागेल, त्या दिवशी हा प्रश्न सुटला म्हणून समजा. मग ना भारनियमन, ना बिलाची धास्ती.” मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तो दिवस कधी येणार?” मी म्हणालो, “वीस-पंचवीस वर्षांत.”

वर्षांचा अंदाज बरोबर आला. बाकी सगळे चुकले. ज्याने तो प्रश्न विचारला तो आज वडगावात पिठाची गिरणी चालवतो आणि माझी चूक मला त्याच्याच तोंडून ऐकावी लागली. हा लेख म्हणजे त्या चुकीची कबुली आहे. शिवाय, “सौर वीज स्वस्त झाली की सारे सुरळीत होईल” असे आजही व्यासपीठावरून सांगणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी भांडणही आहे.

आधी भावाचे बोलू. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट तयार झाला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची तो वीज करी आणि किंमत अशी, की उपग्रहांखेरीज फारसा कुणाला परवडत नसे. जर्मनीने २००० साली कायदा करून अशा विजेला चढा भाव बांधून दिला, त्याने मागणी वाढली. पुढे चीनने प्रचंड कारखाने उभारले आणि किंमत कोसळली. आपल्याकडे राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले. त्या वर्षी केंद्रीय आयोगाने सौर विजेला ठरवलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. २०२२ पर्यंत तारेतल्या विजेशी बरोबरी गाठायची, असे उद्दिष्ट होते. २०१७ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या रेवा प्रकल्पाची बोली पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैशांवर आली. मे महिन्यात राजस्थानातल्या भडल्याची २ रुपये ४४ पैशांवर. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैसे. नव्याने उभारायच्या कोळशाच्या केंद्राला हा भाव झेपणारा नव्हता. म्हणजे बरोबरीचा मुहूर्त नेमल्या वेळेच्या पाच वर्षे आधीच येऊन गेला. आमच्या गल्लीत कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी दळण घेऊन गेलो, तेव्हा गिरणीवाल्याने बिल माझ्यापुढे धरले. “सर, तुम्ही म्हणालेला दिवस आला म्हणतात. पेपरात वाचलंय मी. मग ह्या बिलात तो कुठं हाय, तेवढं दाखवा की.”

मी चष्मा लावून बिल पाहिले. गिरणी दहा अश्वशक्तीची, गाळा भाड्याचा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालते, म्हणजे बरोबर उन्हाच्याच वेळात. स्थिर आकार, वापर आणि कर मिळून भागाकार केला तर युनिट आठ रुपयांच्या आसपास पडत होते. दळण कमी आले की त्याहून जास्त, कारण मोटर थांबली तरी स्थिर आकार थांबत नाही. स्वतःचे पॅनेल बसवावे, तर छप्पर मालकाचे. मालक म्हणतो, माझ्या पत्र्याला भोके पाडायची नाहीत.

आता माझे ऐका. टिळकवाडीत माझे स्वतःचे घर आहे आणि गच्ची मोकळी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राची सूर्यघर योजना जाहीर झाली. तिच्यात तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. मी अर्ज केला, हेलपाटे घातले आणि पॅनेल बसवले. आमच्याकडच्या उन्हात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. माझी गरज त्यात भागते आणि बिल नावापुरते उरले आहे. दुपारी घरात आम्ही दोघेच म्हातारे, पंख्यापलीकडे वापर नाही. तेव्हाची जादा वीज तारेत जाते. रात्री दिवे, टीव्ही आणि पाण्याचा हीटर सुरू झाला की तारेतून परत येते. हिशेब युनिटाला युनिट. दुपारी ती वीज बाजारात दोन-अडीच रुपयांची असते आणि संध्याकाळी सात वाजता तिप्पट-चौपट महागाची. म्हणजे दुपारी ताक घालून रात्री तेवढेच दूध घेऊन जाणारा मी लबाड गिऱ्हाईक आहे! त्या तारेचा, रोहित्राचा आणि रात्री जागणाऱ्या लाइनमनचा खर्च कुणी भरायचा? माझ्या बिलातून तो जवळजवळ गेला आहे. तो गिरणीच्या बिलावर जाऊन बसतो.

या जागी वीज खात्यातले माझे स्नेही मला टाळी देतात. म्हणतात, “बघा, आम्ही हेच सांगतो. बोलीतला भाव हा उन्हाचा भाव. बिलात रात्र आहे, तारा आहेत, गळती आहे, चोरी आहे.” हे सारे खरे आहे. सौर वीज दुपारी बाराला स्वस्त असते. संध्याकाळी सातला ती स्वस्त नसते, कारण ती नसतेच. साठवायची तर बॅटरी हवी, नाहीतर डोंगरावर पाणी चढवून रात्री खाली सोडायला हवे. आमच्याच जिल्ह्यात सौंदत्तीला तसा प्रकल्प आखला गेला आहे. खर्च नाकारण्यात अर्थ नाही. पण माझ्या स्नेह्यांना मी एकच विचारतो: गिरणी तर दिवसाच चालते. तिला रात्रीचा दर का लावता?

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. केंद्राने २०२३ साली नियमच केला आहे, की उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा. दहा किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, शेती सोडून इतर सर्वांना १ एप्रिल २०२५ पासून; अट एकच, वेळ मोजणारा नवा मीटर हवा. आमच्या गिरणीत अजून जुनाच मीटर फिरतो आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. नियम कागदावर आला, भिंतीवरच्या मीटरपर्यंत आला नाही.

आता फुकटाचा विषय. तो काढला की लोक अंगावर येतात, तरी काढतो. २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योतीखाली महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज फुकट आहे. गरिबाच्या घरातला दिवा फुकट जळला तर माझ्या पोटात दुखत नाही. पण एक विसंगती पाहा. एक सरकार म्हणते, पॅनेल बसवा, अनुदान देतो. दुसरे म्हणते, बसवू नका, वीजच फुकट देतो. शून्याशी बरोबरी कुठले ऊन करणार? परिणाम असा, की ज्याचा वापर जास्त, घर स्वतःचे आणि हातात पैसा, असा माझ्यासारखाच माणूस अनुदान उचलतो. शेतीपंपांचेही तेच. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंत वीज फुकट, महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसातपर्यंत. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी दोघेही पैसे देत नाहीत, आणि दोघेही रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन, विंचू-काट्यातून उसाला पाणी पाजायला जातात. ज्याचे पैसे मिळत नाहीत त्या गिऱ्हाइकाला वीज कंपनी चांगली वेळ कशाला देईल? फुकटपणाची किंमत तो शेतकरी झोपेने चुकवतो. वास्तविक ऊन आणि पाण्याची गरज एकाच वेळी येते ती शेतातच. पंपांचे फीडर सौर विजेवर चालवण्याच्या योजना दोन्ही राज्यांत आहेत. त्या नेटाने राबवल्या तर या माणसाला दिवसाची वीज आणि रात्रीची झोप, दोन्ही मिळतील. त्याने थोडे पैसे द्यावेत आणि दिवसा वीज मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, गावोगावी खटाटोप कशाला, मोठमोठे प्रकल्प उभारा. उभारले आहेत. तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे जमीन हिसकावली नाही, भाड्याने घेतली. सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये. दुष्काळी माळरानाला हा भाव वाईट नव्हता. पण भाडे मिळाले सातबारावाल्याला. त्याच रानात खुरपणीला जाणाऱ्या आणि शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाला काय मिळाले? कुंपण. मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीत सत्याग्रह केला तो मुंबईला वीज देण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध. मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि दिवे मुंबईत लागले. ती वीज पाण्याची होती, ही उन्हाची आहे, एवढ्याने न्याय आपोआप बदलत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. वस्तू स्वस्त होणे ही यंत्राची करामत असते. ती माणसाला स्वस्त मिळणे हा वाटपाचा निर्णय असतो. पहिली गोष्ट होऊन गेली. दुसरीसाठी भांडावे लागेल, आणि आपण अजून “कधी स्वस्त होणार?” म्हणत वाट पाहत बसलो आहोत.

मागायचे काय? दिवसा चालणाऱ्या छोट्या धंद्यांना वेळ मोजणारे मीटर आधी बसवावेत, बंगल्यांना मागाहून. माझ्यासारख्या छपरवाल्याने दुपारी दिलेल्या विजेचे दुपारचे मोल घ्यावे आणि तारेचे भाडे मुकाट भरावे. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: ज्याला छप्पर नाही त्याला सामाईक छपरात वाटा मिळावा. शाळेच्या, मंडईच्या गच्चीवर पॅनेल बसवायचे आणि त्यातले युनिट भाडेकरूंच्या बिलातून वजा करायचे. हे अशक्य नाही. दिल्लीत अशा हिशेबाचे नियम २०१९ पासून आहेत.

आमच्या गिरणीसमोर शाळेची चांगली ऐसपैस गच्ची आहे. तिच्यावर सध्या पाण्याची एक टाकी आणि मोडके बाक आहेत. गिरणीवाला, शेजारचा शिंपी, दोन बेकऱ्या आणि मी मिळून एक अर्ज लिहिला आहे. अर्जात माझे नाव शेवटी आहे, कारण मला त्यातून काही मिळायचे नाही. उलट तो मंजूर झाला तर तारेचे भाडे मी आधी भरेन, असे मी त्यात लिहून दिले आहे. सह्या अजून कमी पडतात. वाचकांपैकी वडगाव-शहापूरकडचे कुणी असाल तर गिरणीत डोकवा. अर्ज तिथेच, दळणाच्या वहीखाली ठेवला आहे.